तार कोणाची, खांब कोणाचा, आणि तुटल्यावर धावणार कोण?

भाऊ, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. घाटंजी तालुक्यातलं साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची, म्हणजे गावोगावी नेट नेण्याच्या सरकारी योजनेची, पेटी आहे, पण तिच्यातला दिवा लागलेला तुम्ही कधी पाहिला नाही. मोबाइलचा टॉवर चार किलोमीटरवर; गच्चीवर रेंज, घरात आलं की नुसतं चक्र फिरतं. तालुक्याचा केबलवाला म्हणतो, 'साठ घरं जमवा, मग पाहू.' आणि तुम्ही विचारता, अर्ज कोणत्या कंपनीकडे करावा, की गावातल्या दोन-तीन पोरांनी मिळून आपलीच कंपनी काढावी?

मी वर्धा जिल्ह्यात बावीस वर्षं तारा ओढतोय. आधी केबल टीव्हीच्या, गेली बारा वर्षं फायबरच्या, म्हणजे नेट आणणाऱ्या काचेच्या तारांच्या. कोणती कंपनी आणावी, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, आणि मी दर वेळी उलट विचारतो: जुलैच्या पावसात रात्री नऊ वाजता तार तुटली तर फोन कोणाला लावाल? याचं उत्तर ज्या गावाजवळ आहे तिथे नेट टिकतं, मग कंपनी कोणतीही असो. ज्यांच्याजवळ नाही तिथे उद्घाटनाचे हार सुकायच्या आत लाल लाइट लागतो, म्हणजे नेट बंद.

शहरात एकच कंपनी सगळं करू शकते, कारण तिला एका गल्लीत शंभर गिऱ्हाईकं मिळतात. तुमच्याकडे तालुक्यापासून गावापर्यंत आठ-दहा किलोमीटर केबल ओढायची आणि टोकाला साठ घरं. हा हिशोब एकट्याच्या खिशाला परवडत नाही, मोठ्यालाही नाही आणि छोट्यालाही नाही. म्हणून गावातलं नेट नेहमी वाटणीतून उभं राहतं: तालुक्यापर्यंतची मोठी तार एकाची, गावातले खांब दुसऱ्याचे, बँडविड्थ, म्हणजे तारेतून येणारं नेट, तिसऱ्याची, आणि घरोघरी फिरून वसुली-दुरुस्ती करणारा चौथा. तुमच्या गावात हे चौघं आजही आहेत. त्यांचं आपसात काही ठरलेलं नाही, एवढीच अडचण आहे.

आधी त्या पेटीबद्दल, कारण तुमची सगळ्यात मोठी पुंजी तीच आहे. मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांच्या उत्पन्नातून सरकार जे परवाना शुल्क घेतं, त्यातून उत्पन्नाच्या ५ टक्के एवढी रक्कम खेड्यापाड्यांसाठी वेगळी निघते. २००२ पासून ही व्यवस्था आहे, २००३ च्या अखेरीस तिला कायद्याचा आधार मिळाला, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर त्या निधीचं नाव डिजिटल भारत निधी झालं. त्यातूनच भारतनेट आलं. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा उद्दिष्ट होतं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं. म्हणजे शहरातला माणूस रिचार्ज करतो त्यातला अंश तुमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लटकलाय. तो वापरात नाही याचा राग यायलाच पाहिजे, पण रागापेक्षा पेटी उघडून पाहणं जास्त कामाचं.

मी अशा पेट्या बऱ्याच पाहिल्या. बंद असण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. कुठे ग्रामपंचायतीचं वीजबिल थकून मीटर कापलेलं. कुठे बॅटरी मेलेली. कुठे सरपंच बदलले, नव्या खोलीचं बांधकाम झालं आणि गवंड्याने फायबर वाकवून खिळ्याला गुंडाळून ठेवलं. फायबर तसं गुंडाळलं की उजेड बाहेर सांडतो, आत काही पोचत नाही. एकदा तर पेटीच्या आत पालीने अंडी घातली होती आणि अ‍ॅडॅप्टर कुणीतरी मोबाइल चार्जिंगला नेलं होतं. एवढंच. अडॅप्टर बदललं, दिवा लागला, सचिव साहेब म्हणाले, 'बाप्पा, इतकंच होतं काय?'

पण कधी कधी तार मध्येच तुटलेली असते, आणि मग 'ती कोणाची' हा प्रश्न येतो. महाराष्ट्रात याचं उत्तर तालुक्याप्रमाणे बदलतं. काही तालुक्यांचं काम पहिल्या टप्प्यात केंद्राच्या यंत्रणेने केलं, काहींचं दुसऱ्या टप्प्यात राज्याने महाआयटी या आपल्या कंपनीमार्फत 'महानेट' म्हणून केलं. तुमचा तालुका कशात येतो हे पंचायत समितीत विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटींची मंजुरी मिळाली. माझ्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे रिंग. आधी तार तालुक्यातून निघून गावात संपायची, एका जागी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. रिंगमध्ये ती दुसऱ्या वाटेने परत तालुक्याला येते, एक बाजू तुटली तरी दुसरीकडून चालते. दुसरी गोष्ट, दहा वर्षांची देखभाल कामातच धरलेली आहे. जुन्या व्यवस्थेत तार टाकायला पैसे होते, राखायला नव्हते. शेतात विहीर खोदून द्यायची आणि मोटारीला वायर द्यायची नाही, तसं ते होतं.

आता केबलवाल्याच्या 'साठ घरं जमवा' कडे येऊ. तो तुम्हाला टाळत नाहीये, त्याचं गणित तसंच आहे. समजा साठ घरं, महिना चारशे रुपये. झाले चोवीस हजार, जीएसटी वेगळा. ज्याची बँडविड्थ आणि परवाना तो निम्मे ठेवतो असं धरा. करार पाहून हे कमी-जास्त होतं. उरले बारा हजार. त्यात दुरुस्तीचा पोरगा, त्याच्या गाडीचं पेट्रोल, वीज, जळालेली उपकरणं, आणि केबल ओढायला काढलेल्या कर्जाचा हप्ता. साठ घरांवर तो पोरगा पूर्णवेळ ठेवता येत नाही, आणि अर्धवेळ ठेवला तर तो नेमका तेव्हा वावरात असतो जेव्हा लाइन जाते.

म्हणून माझा सल्ला, एकट्या गावाचा विचार सोडा. तुमच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावरची तीन-चार गावं एकत्र धरा. केबल त्यांच्या शिवारातून जाणारच आहे. एकूण दीडशे घरं झाली की एक पोरगा पूर्णवेळ ठेवता येतो, आणि केबलवाल्याशी बोलताना तुमचं वजनही वाढतं.

आणखी एक, जे पुण्या-मुंबईचे लोक समजत नाहीत. आपल्याकडे दरमहा वसुली चालत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत घरात पैसा असतो, जून ते सप्टेंबर खत-बियाण्यात जातो. सुरुवातीला मी महिन्याचे प्लॅन विकले. जुलैत निम्मी घरं बंद, ऑक्टोबरात पुन्हा चालू, आणि प्रत्येक वेळी पोराची चक्कर. आता कापूस विकला गेला की वर्षाचे पैसे घेतो, दोन महिने सूट देतो. गिऱ्हाईक टिकतं. कंपनीच्या बिलिंगमध्ये ही सोय आहे का, हे करार करण्याआधी विचारा.

बरेच जण ज्यावर फसतात ती गोष्ट म्हणजे उजेडाचा हिशोब. फायबरमध्ये जातो तो उजेड, आणि तो वाटेत कमी होत जातो. साध्या जीपीओएन यंत्राकडे, म्हणजे एका तारेतून अनेक घरांना नेट देणाऱ्या यंत्राकडे, साधारण २८ डीबीची पुंजी असते; डीबी हे उजेडाची घट मोजायचं माप. यापेक्षा जास्त वाटेत सांडला तर घरातला दिवा लाल होतो. सहा किलोमीटर केबलला सुमारे दोन डीबी जातात. एका तारेतून आठ फांद्या काढणारा स्प्लिटर सुमारे साडेदहा खातो. असे दोन एकापुढे एक लावले, म्हणजे एका तारेवर चौसष्ट घरं, की एकवीस गेले. चार कनेक्टरचे दोन धरा. पंचवीस झाले. हाती उरले तीन. आता वाटेत कुणी मशीनऐवजी हाताने दाबून जॉइंट मारले असतील, तर एकेक जॉइंट अर्धा-पाऊण डीबी खाऊ शकतो. मशीनवर वितळवून केलेला नीट जॉइंट ०.१ च्या आसपास असतो. चार-पाच हातजॉइंट आणि तुमची पुंजी संपली. नवीन असताना चालतं, पहिल्या पावसात पेटीत ओल शिरली की जातं. म्हणून केबलवाल्याला एवढंच विचारा, 'शेवटच्या घरात पॉवर मीटरवर, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्रावर, किती येते?' उणे १८ ते उणे २४ म्हणाला तर माणूस जाणता आहे. 'येते ना भाऊ, टेन्शन नका घेऊ,' म्हणाला तर टेन्शन घ्या.

खांबांबद्दल थोडक्यात. वीज खांबांवरून केबल न्यायची तर वीज कंपनीची लेखी परवानगी लागते, आणि ती केबल धातूविरहित असावी. रस्त्याकडेने खोदायचं किंवा खांब रोवायचे तर 'राइट ऑफ वे'ची, म्हणजे त्या जागेतून तार नेण्याची, परवानगी. त्याचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत आणि अर्ज केंद्राच्या पोर्टलवरून जातो. ही परवानगी परवानाधारक कंपनीच्या नावाने निघते, तुमच्या नाही. कंपनी सोबत लागते त्याचं हे एक खरं कारण.

आता तुटण्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी देवळीकडच्या एका गावात आम्ही चाळीस घरं जोडली होती. मोठी तार एका यंत्रणेची, त्यातला एक जोड आम्ही भाड्याने घेतलेला, बँडविड्थ एका तिसऱ्या कंपनीची. नळाच्या पाइपसाठी जेसीबी आला आणि गावाबाहेरच्या पुलाजवळ केबल उपटून गेला. मी फोन लावला तर तारवाले म्हणाले, खोदणाऱ्याकडून भरपाई आल्याशिवाय हात लावणार नाही. बँडविड्थवाले म्हणाले, आमच्याकडून सगळं हिरवं दिसतंय. ठेकेदाराने फोन उचलला नाही. माझ्याजवळ जॉइंट मारायचं मशीन होतं, माणूस होता, पण दुसऱ्याच्या तारेला हात लावायचा अधिकार नव्हता. एकोणीस दिवस गाव बंद. एका मावशीचा मला दररोज फोन: 'दादा, पोराचा फॉर्म भरायचा हाये, शेवटची तारीख जवळ आली, काहून नाही येत नेट?' काय सांगणार तिला? शेवटी पोराला गाडीवर बसवून पुलगावला नेला आणि फॉर्म भरून आणला. लाइन चालू झाली तोपर्यंत चाळीसातली अकरा घरं उरली होती.

त्यानंतर कुठल्याही करारात मी एक कलम आग्रहाने घालून घेतो: अमुक तासांत तारेचा मालक आला नाही तर आम्ही जॉइंट मारू, फोटो आणि रीडिंग पाठवू, आणि खर्च पुढच्या भाड्यातून वजा होईल. मोठ्या लोकांना हे पहिल्यांदा पटत नाही. पण त्यांचाही माणूस जिल्ह्याच्या गावातून यायला चार तास लागतात, हे त्यांना माहीत असतं. समजावून सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. नाही ऐकलं तर ती तार घेऊ नका, स्वस्त असली तरी.

खोदणाऱ्यांसाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप आणलं. कुठे खोदणार ते त्यावर टाकायचं, मग खाली ज्यांच्या तारा आहेत त्यांना निरोप जातो. चांगलं आहे, वापरायला सांगा. पण जेसीबीचा ड्रायव्हर ते अ‍ॅप उघडत नाही. माझ्याकडे तालुक्यातल्या सगळ्या जेसीबीवाल्यांचे नंबर आहेत. दर दिवाळीला त्यांना चिवड्याचं पाकीट जातं. 'भाऊ, उद्या तुमच्या लाइनीजवळ काम हाये,' एवढा त्यांचा एक फोन आला की पोरगा सकाळी जाऊन चुन्याने रेघ मारून येतो.

मोबाइलचं काय, हेही तुम्ही विचारलंत. घरात फायबर आलं तरी वावरात त्याचा उपयोग नाही. ई-पीक पाहणी बांधावर उभं राहूनच करायची असते. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर आता कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी, तीही कुणी कुठून करेल सांगता येत नाही. तेव्हा टॉवर लागणारच. टॉवरच्या बाबतीत कंपन्या आधीपासून वाटणी करतात: एकाच मनोऱ्यावर तीन कंपन्यांच्या अँटेना तुम्ही पाहिल्या असतीलच, आणि २०१६ पासून नुसता मनोराच नाही तर त्यावरची यंत्रंही वाटून घ्यायला परवानगी आहे. शिवाय वर सांगितलेल्या डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरवर दुसऱ्या कंपनीचं सिमही चालावं, अशी सोय जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. गडचिरोलीत किंवा मेळघाटात, जिथे एका खोऱ्यात एकच टॉवर आहे, तिथे याचा अर्थ फार मोठा. तुमच्या चार किलोमीटरवरचा टॉवर मात्र निधीतला आहे की खासगी, यावर सगळं अवलंबून. खासगी असेल तर ही सोय तुम्हाला लागू नाही.

पण त्या टॉवरचा एक वेगळा उपयोग आहे. पुष्कळ ग्रामीण टॉवर अजून मायक्रोवेव्हवर, म्हणजे हवेतून येणाऱ्या दुव्यावर चालतात. तुमच्या गावासाठी येणारी फायबर त्याच्या बाजूने जात असेल, तर टॉवरवालाही तिचा भाडेकरू होऊ शकतो. एक टॉवर म्हणजे कधीही न चुकवता भाडं देणारं मोठं गिऱ्हाईक. केबलवाल्याला हे सुचवा. बहुतेकांच्या डोक्यात घरंच असतात.

आपलीच कंपनी काढायची का? पोरांचा उत्साह मला आवडला, पण नाही. इंटरनेटचा परवाना, नोंदी ठेवण्याच्या जबाबदाऱ्या, दरवर्षीचे कागद, हे तीन-चार गावांच्या उत्पन्नावर पेलत नाही. आणि घरचं एक कनेक्शन घेऊन शेजाऱ्यांना तार ओढून विकायचं, हे बऱ्याच ठिकाणी चालतं म्हणून बरोबर ठरत नाही. ते बेकायदा आहे, आणि त्या लाइनीवरून कुणी काही उपद्व्याप केला तर पोलीस तुमच्या दारात येतात.

दोन वाटा आहेत. एक, परवानाधारक कंपनीचा स्थानिक भागीदार व्हा. भारतनेटच्या तारेवर कनेक्शन देण्यासाठीही गावातले उद्योजक घेतले जातात, त्यात उत्पन्नाची वाटणी असते. दुसरी, पीएम-वाणी, म्हणजे दुकानादुकानातून सार्वजनिक वायफाय. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ही योजना. चौकातला किराणावाला, पिठाची गिरणी, सेतूवाला, कुणीही वायफाय लावून तासाचे-दिवसाचे पैसे घेऊ शकतो, त्याला ना परवाना लागतो ना नोंदणी. ग्राहकांची ओळख आणि हिशोब वरचा अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे अशी अनेक दुकानं जोडणारी कंपनी, पाहतो. आधी अडचण ही होती की दुकानदाराला महागडी व्यावसायिक लाइन घ्या म्हणायचे. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ठरवलं की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीहून जास्त दर अशा दुकानदाराकडून घेता येणार नाही. त्यामुळे गणित जरा बसायला लागलंय. पण याला चौक लागतो, एसटीची वाट पाहणारी माणसं लागतात. गाव रस्त्याला असेल तर करा. आडवळणाला असेल तर घरोघरचं फायबरच बरं.

एका गोष्टीवर मला सरळ उत्तर देता येत नाही, कारण तुम्ही लिहिलेलं नाही: गावठाणाचा फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, शेतीच्या फीडरपासून वेगळा आहे का? वेगळा नसेल तर शेतीबरोबर गावाचीही वीज तासन्‌तास जाऊ शकते, आणि मग तुम्ही कितीही चांगली तार ओढली तरी संध्याकाळी घराघरात लाल लाइट. अशा ठिकाणी मी गावातल्या मुख्य पेटीला सोलर आणि लिथियम बॅटरी लावतो. मग वीज गेली तरी निदान ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याचं चालतं. जूनमधल्या विजांचंही सांगून ठेवतो. फायबरमधून वीज येत नाही, ती येते अ‍ॅडॅप्टरच्या वायरीतून. आभाळ गडगडलं की प्लग काढा, हे प्रत्येक घरात एकदा सांगितलं तर वर्षाला दहा-बारा यंत्रं वाचतात.

तेव्हा सोमवारी ग्रामपंचायतीत जा. पेटीला वीज आहे का पाहा. असेल तर 'पॉन' लिहिलेला दिवा, म्हणजे फायबरमधून उजेड येतो का ते दाखवणारा, कसा लागतो ते टिपा: स्थिर हिरवा, लुकलुकणारा, की शेजारचा लाल. पेटीवर चिकटवलेल्या पट्टीचा आणि आतल्या फायबरचा फोटो काढा, पण फायबरला हात लावू नका, त्याच्या टोकात डोळ्याने पाहूही नका. मग रस्त्यावरच्या बाकी गावांत कोण कोण तयार आहे ते विचारा आणि इथे लिहा. दिवा स्थिर हिरवा असेल तर तुम्हाला दहा किलोमीटर केबल ओढायचीच नाहीये, आणि केबलवाल्याची साठ घरंही चाळीसवर येतील.